स्टेशन वॅगन विकवत का नाही?

घाटमाथा

टाटा इस्टेट, इंडिगो मरीना, बलेनो अल्तुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी, सिएना वीकेंड, कोर्सा स्विंग. सगळ्या स्टेशन वॅगन, म्हणजे छप्पर सरळ मागच्या दारापर्यंत नेलेल्या कार. यातली एकही गाडी आपल्याकडे फार खपली नाही. पण ज्यांच्या घरी यातली एखादी होती त्यांच्यापुढे विषय काढून बघा. इतर गाड्या विकल्या की विषय संपतो. वॅगनवाले मात्र विकलेल्या गाडीचा नंबर अजून तोंडपाठ सांगतात, आणि हायवेला तसली गाडी दिसली की आधी नंबरप्लेट वाचतात.

आमच्याकडे २००६ ची डिझेल मरीना आहे, वडिलांनी घेतलेली. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण करून झालं, ती पाच वर्षंही आता सरत आली, म्हणजे पुन्हा आरटीओ. घरात दुसरी नवी गाडी आहे. हिशेबाने बघितलं तर मरीना जायला हवी. दर दिवाळीला तसं ठरतंही. जाहिरातीसाठी फोटो काढायला सगळे खाली जातात, मागचं दार उघडलं जातं, तिथे कोणीतरी बूड टेकतं, मग चहा खालीच मागवला जातो आणि फोटो राहतात.

माझं मत सांगतो. सेडानमध्ये माणसं आणि सामान यांच्यामध्ये पत्रा असतो. वॅगनमध्ये तो नाही. जे काही नेतोय ते प्रवासभर आपल्यातच असतं, दिसतं, त्याचा वास येतो, वळणावर ते हललं तर कळतं. म्हणून वॅगनच्या आठवणींत कुठे गेलो याच्याबरोबर काय घेऊन गेलो तेही असतं.

तुमच्याकडे होती का? का जीव जडला? आणि ज्यांना हे सगळं कौतुक जास्तीचं वाटतं त्यांनीही लिहा.

खर्जातला_सा

होती. ऑक्टाव्हिया कॉम्बी, १.९ डिझेल. स्कोडाने २००१ पासून औरंगाबादजवळ शेंद्र्याला ऑक्टाव्हिया जोडायला घेतली, आणि पुढे काही काळ कॉम्बीही विकली. मी ती का घेतली याचं उत्तर एका शब्दात आहे: तानपुरे.

मिरजेहून तानपुऱ्यांची जोडी आणायची म्हणजे काय असतं ते गाणाऱ्यांनाच माहीत. पुरुषी तानपुरा जवळपास पाच फूट. कॉम्बीची मागची सीट दोन भागांत पडते. मोठा भाग पाडायचा, खाली गोधडी, आणि तानपुरे उलटसुलट ठेवायचे: एकाचा भोपळा पुढे, दुसऱ्याचा मागच्या दाराकडे. दोन्ही दांड्या मधे शेजारी शेजारी येतात, त्यांच्यामध्ये उशी. उरलेल्या एका सीटवर तबलजी. तो वाटेत हात मागे टाकून भोपळा धरून बसतो, घाटात विशेष.

घाटमाथा, तुमच्या पत्र्याच्या मुद्द्यात माझी भर. सेडानच्या डिकीत एसी पोचत नाही. एप्रिलमध्ये सांगली ते सोलापूर करा, आत माणसं गार आणि डिकीत वाद्य भाजतंय. खुंट्या सरकतात, सांधे कुरकुरतात, स्टेजवर बसल्यावर तासभर सूरच लागत नाही. वॅगनमध्ये वाद्याला तीच हवा मिळते जी गायकाला मिळते. गाडी विकली तेव्हा मी घेणाऱ्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याला ती लग्नाच्या कॅमेऱ्यांसाठी हवी होती. चालेल, म्हटलं, कॅमेरेही नाजूक असतात.

टिंग्या

आमच्या सोसायटीत इस्टेटवाल्या काकांना वॉचमन रोज विचारायचा, "साहेब, कोण गेलं?"

सई_प्र

टिंग्या 😂 पण हेच खरं कारण असावं ना, न खपण्याचं? लांब छप्पर, उभं मागचं दार म्हणजे आपल्या डोक्यात एक तर अँब्युलन्स नाही तर शववाहिका. नवी गाडी पेढे वाटून घरी आणायची आणि शेजाऱ्याने असं विचारायचं, कोण घेईल?

टेल्को_निवृत्त

सईताई, ते एक कारण झालं. पण मोठं कारण दुसरं होतं असं मला वाटतं. मी त्या काळी पिंपरीत टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होतो, गाड्यांच्या लाइनवर नाही, फोर्जमध्ये. तरी जेवणाच्या सुट्टीत नवीन गाडी बाहेर आली की सगळेच बघायला जायचे.

क्रम लक्षात घ्या. १९८८ ला टाटामोबाइल पिकअप आली. तिच्याच सांगाड्यावर १९९१ ला सिएरा, १९९२ ला इस्टेट, १९९४ ला सुमो, १९९८ ला सफारी. इस्टेटला खाली पिकअपची लॅडर चासी, म्हणजे शिडीसारखा सांगाडा, पुढे १९४८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद मागच्या चाकांना. वर मात्र पॉवर विंडो, पॉवर स्टिअरिंग. रस्त्यावर तेव्हा ॲम्बॅसडर, पद्मिनी आणि मारुती ८००. त्यांच्या रांगेत इस्टेट उभी राहिली की मर्सिडीजच्या वॅगनची आठवण व्हायची, आकारच तसा होता.

आता सुमो. चासी त्याच घराण्यातली, इंजिनही तेच. नाव टेल्कोचे अध्यक्ष राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून. फरक इतकाच की सुमोत मागे समोरासमोर बाकं होती आणि दहा माणसं बसत. इस्टेटची मागची जागा सामानासाठी. आपल्याकडे तेव्हा कुटुंब निघायचं ते आत्या, काका, त्यांची पोरं धरून. सामान म्हणाल तर प्रत्येकाची एक पिशवी, आणि ती टपावर बांधता यायची. चार माणसं आणि खूप सामान असं कुटुंब इथे नव्हतंच. सुमोने इस्टेटचं गिऱ्हाईक नेलं, आणि बाहेरच्या कुठल्या कंपनीने नाही, घरातल्याच गाडीने नेलं.

सिएराचं नाव आता २०२५ मध्ये परत आणलंय. फार आनंद झाला. इस्टेटचं नाव मात्र कोणी काढत नाही, त्याचं वाईट वाटतं.

सरळसोट

वाचतोय. पण मला हे पटत नाही. लहानपणी वडिलांकडे जी गाडी असते तिच्यावर जीव असतो, एवढंच. आमच्याकडे मारुती ओम्नी होती. तिच्यातही माणसं आणि सामान यांच्यात पत्रा नव्हता. त्यात आम्ही भावंडं झोपलोय, आजारी पडलोय, पत्ते खेळलोय. मग ओम्नीवर धागा का नाही? वॅगनचं वेगळं काय?

घाटमाथा

सरळसोट, चांगला प्रश्न. ओम्नीवर धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन, शपथ.

वेगळं काय ते चालवणाऱ्याला विचारा. ओम्नीत तुम्ही पुढच्या चाकाच्या वर बसता, नाकासमोर काच आणि लगेच रस्ता. वॅगन ही कारच आहे, पायापासून बॉनेटपर्यंत. बसण्याची उंची तीच, गुरुत्वमध्य खालीच राहतो. भरलेली मरीना वरंधा घाटात घेऊन उतरा. मागे काय भरलंय ते जाणवतं, पण वळणावर गाडी डोक्यावर हंडे घेतलेल्या बाईसारखी तोल सांभाळत नाही बसत. उंच गाडीत तेच सामान टपावर गेलं की सगळं बदलतं.

म्हणजे आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला जाणारी साधी कार, आणि सहाव्या दिवशी तीच टेम्पोचं काम करते. वेष बदलावा लागत नाही.

देवगड_हापूस

आमच्याकडे अल्तुरा होती, १.६ पेट्रोल. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, आंबे. मे महिन्यात देवगडहून फोंडा घाट चढून राधानगरीवरून कोल्हापूर. मागे लाकडी पेट्या, फळ्यांच्या फटीतून पेंढा बाहेर आलेला. निघताना आंबा कच्चा असतो, वास फक्त पेंढ्याचा. दाजीपूरपर्यंत काहीच नाही. पुढे ऊन चढलं की एखाद्या पेटीतला एक आंबा आधी उठतो, आणि पुढे बसलेली माणसं मान मागे वळवतात. कुठली पेटी ते हुंगून शोधायचं काम मागच्या सीटवरच्या पोरांचं. शोधणाऱ्याला तो आंबा. नंतर पावसाळ्यापर्यंत गाडीत पेंढ्याच्या काड्या सापडत राहायच्या.

दुसरी, गणपती. चित्रशाळेतून मूर्ती आणायची तर सेडानवाले काय करतात? मूर्ती लहान असेल तर मांडीवर. डिकीत कोणी ठेवत नाही. आमची आजी स्पष्ट सांगायची, "देवाक डिकीत ठेवू नको." मग अल्तुरा आली आणि घरात वाद सुरू झाला, मागची जागा ही डिकी की नाही? सीट पाडली, पाट ठेवला, त्यावर रुमालाने चेहरा झाकलेली मूर्ती, बाजूला काका मांडी घालून बसलेले, एक हात पाटाला. आजीने वाकून आत पाहिलं आणि निकाल दिला: माणूस जिथे देवाशेजारी बसू शकतो ती डिकी नव्हे. तेव्हापासून वाडीतले तीन-चार गणपती आमच्याच गाडीतून यायचे.

सरळसोट, ओम्नीतूनही गणपती येतात, मान्य आहे. तुमचा मुद्दा खोडत नाही.

सई_प्र

आजीचा निकाल फ्रेम करून लावण्यासारखा आहे.

अस्थिरोग

आठवणी छान आहेत, पण एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. धाग्यात दोनदा आलं म्हणून.

मागच्या मोकळ्या जागेत माणूस बसवू नका, पोरं तर नाहीच नाही. तिथे पट्टा नाही, पाठ टेकायला काही नाही, आणि मागून धडक बसली तर मध्ये फक्त एक दार. दुसरं म्हणजे पत्रा नसण्याचं तुम्ही जे कौतुक करताय त्याचीच दुसरी बाजू. सेडानमध्ये करकचून ब्रेक लागला तर सामान डिकीच्या पत्र्याला आपटतं. वॅगनमध्ये आंब्याची पेटी सीटच्या पाठीवरून सरळ पुढच्याच्या मानेवर येते. सीट पाडलेली असेल तर अडवायला तीही नाही.

उपाय साधे आहेत. जड वस्तू सर्वांत खाली, आणि पाठीला अगदी टेकून. सीटच्या उंचीच्या वर काहीही रचायचं नाही, रचलं तर जाळी लावायची. फरशीत कड्या दिलेल्या असतात त्यांना पट्ट्याने बांधा. रिकाम्या मागच्या सीटचे पट्टेही लावून ठेवा, पाठीला तेवढाच आधार मिळतो.

आणि देवगडकर, काकांना मागच्या सीटवर बसवा, हात पाठीमागे पोचतो. बाप्पा काही म्हणणार नाहीत.

देवगड_हापूस

डॉक्टरसाहेब, पटलं. काकांना दाखवलं. म्हणाले वाडीतला रस्ता आहे, दुसऱ्याच्या वर गियर पडत नाही. पण यंदा सीटवर बसतील, मी बघतो.

गोटेबोर्गवासी

अस्थिरोग यांच्या प्रतिसादाला स्वीडनमधून जोरदार अनुमोदन. इथे वॅगन आणि सुरक्षितता या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

मी राहतो त्या गावातच व्हॉल्व्हो. टोर्सलांडाचा कारखाना १९६४ चा. तीन बिंदूंचा सीटबेल्ट याच कंपनीने १९५९ ला गाडीत दिला. वॅगन त्याच्याही आधीची, १९५३ ची 'डुएट'. नावाप्रमाणे दुहेरी काम: आठवडाभर धंदा, सुट्टीला कुटुंब. दुकानदार, रंगारी, सुतार यांची गाडी. ती इथल्या लोकांच्या मनात घट्ट बसली, आणि मग २४० आली. १९७४ ते १९९३, जवळजवळ वीस वर्षं तोच चौकोनी डबा. तिच्या वॅगनमध्ये मागे एक घडीची सीट मिळायची, मुलांसाठी, तोंड मागे करून बसायची. पट्ट्यांसकट, डॉक्टर. माझ्या इथल्या पन्नाशीच्या सहकाऱ्यांना विचारलं की ते गाडीबद्दल काही सांगत नाहीत, मागच्या काचेतून दूर जाणाऱ्या रस्त्याबद्दल सांगतात आणि मागच्या गाडीवाल्याला वेडावून दाखवल्याबद्दल.

जीव का जडतो, याचं इथलं उत्तर: उन्हाळी घर. जून आला की पलंग, शिडी, रंगाचे डबे, रोपं, कुत्रा, सगळं वॅगनमध्ये. छप्पर सरळ मागेपर्यंत जातं म्हणून कुत्रा उभा राहू शकतो. इथे कुत्र्याच्या जाळीशिवाय वॅगन क्वचित दिसते.

अवांतर: १९९४ ला व्हॉल्व्होने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत चक्क ८५० ची वॅगन उतरवली. शर्यतीत! रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स चालक. जिंकली वगैरे नाही, पुढच्या वर्षी सेडान आणली. पण लोकांना आठवते ती वॅगनच.

टिंग्या

शर्यतीत सामान काय नेत होते?

गोटेबोर्गवासी

एकदा परेड लॅपला मागे भलामोठा खोटा कुत्रा ठेवला होता म्हणतात 😄

जर्सीची_जाई

अमेरिकेचं चित्र उलटं आहे आणि त्यात कायद्याचा हात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पन्नास ते सत्तरच्या दशकात इथे प्रत्येक मोठ्या कुटुंबाकडे वॅगन असायची. फोर्डची कंट्री स्क्वायर आठवा, बाजूला लाकडी फळ्या. आधी खरं लाकूड, नंतर फक्त लाकडासारखी पट्टी चिकटवलेली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ ला कायदा आला, कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी मायलेज अमुक एवढं हवं. पण कारसाठी एक नियम आणि 'हलक्या ट्रक'साठी दुसरा, सैल. वॅगन कारमध्ये मोजली जायची. व्ही-एट इंजिनाची लांबलचक वॅगन विकली की कंपनीची सरासरी खाली. १९८३ च्या शेवटी क्रायस्लरने मिनीव्हॅन आणली, ती ट्रकमध्ये मोजली गेली. मग एसयूव्ही, त्याही ट्रकमध्ये. कुटुंबं त्या गाड्यांकडे वळली कारण विकायला त्याच ठेवल्या होत्या. ब्यूक रोडमास्टर आणि शेव्हरोले कॅप्रिसच्या मोठ्या वॅगन १९९६ ला संपल्या.

म्हणजे वॅगन लोकांना नकोशी झाली म्हणून गेली, हे अर्धंच खरं. म्हणून इथल्या वॅगनप्रेमींच्या बोलण्यात थोडा राग असतो. गोटेबोर्गवासी म्हणतात ती ओढ इथे आहेच, शिवाय आपल्या हातून काढून घेतल्याची भावना आहे.

माझ्याकडे सुबारू आउटबॅक आहे, जुनी, वॅगनच्या आकाराची. भारतातून आईबाबा आले की विमानतळावर चार मोठ्या बॅगा, एक लोणच्याचा खोका, आणि बाबांची सायकल घ्यायचा हट्ट. सगळं मावतं. आई मागे वळून दर पंधरा मिनिटांनी खोक्याकडे बघते. तिला तो दिसायलाच हवा. घाटमाथा, तुमचा पत्र्याचा मुद्दा माझ्या आईने सिद्ध केलाय.

सरळसोट

जाई, कायद्याची माहिती नवीन होती, धन्यवाद. आपल्याकडेही असंच झालं का?

चार_मीटर

झालं, फक्त दिशा वेगळी. नावावरून कळलंच असेल, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. मरीना चार मीटरच्या वर. इंडिगोची शेपटी कापून २००८ ला इंडिगो सीएस (कॉम्पॅक्ट सेडान) बनवता आली, सेडानची डिकी आखूड केली की काम भागतं. वॅगनचं काय कापणार? मागची लांबी हेच तिचं सगळं. ती कापली की हॅचबॅक उरते. तेव्हापासून आपल्याकडे परवडणारी वॅगन काढण्यात कुठल्याच कंपनीला हित राहिलं नाही. नंतर आल्या त्या व्हॉल्व्हो व्ही९० क्रॉस कंट्री (२०१७) किंवा मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन (२०१८) अशा, म्हणजे आपल्याला रस्त्यावर दिसल्या तर हात करायच्या.

खर्जातला_सा, तुमच्या कॉम्बीचे आकडे माझ्याकडे आहेत. साध्या ऑक्टाव्हियाची डिकी ५२८ लिटर, कॉम्बीची ५४८. वीस लिटरचा फरक! खरा फरक सीट पाडल्यावर दिसतो, १३२८ विरुद्ध १५१२. छपरापर्यंत उभी जागा मिळते तिथे. कागदावर बघून घेणाऱ्याने वीस लिटरसाठी जास्त पैसे का मोजावेत?

खर्जातला_सा

चार_मीटर, तानपुऱ्याचा भोपळा लिटरमध्ये मोजत नाहीत. दार उभं असलं की तो आत जातो, तिरकी काच असली की अडतो. शोरूमला मी भोपळ्याच्या मापाचा पुठ्ठा कापून नेला होता आणि दोन्ही गाड्यांत घालून बघितला. सेल्समन बिचारा शेवटपर्यंत समजू शकला नाही मी काय आणलंय.

श्टुटगार्टची_स्वारी

जर्मनीतून एक वेगळा सूर. इथे वॅगन भावनेचा विषय कमी, सवयीचा जास्त. फोक्सवागनची नवी पसाट २०२३ ला आली ती इथे फक्त वॅगनमध्येच, सेडान बंद. शेजारच्या प्लंबरकडे वॅगन, त्याच्या गिऱ्हाईक असलेल्या वकिलाकडेही वॅगन. भारतात जो प्रश्न आड येतो, लोक काय म्हणतील, तो इथे उद्भवतच नाही.

माझ्या मते यात मर्सिडीजचा वाटा मोठा. १९७७ ला त्यांनी पहिली स्वतःची वॅगन दाखवली, डब्ल्यू१२३ या मालिकेतली. मागच्या सस्पेन्शनला स्वतःहून उंची सांभाळायची सोय, म्हणजे भरली तरी गाडी मागे बसत नाही. ट्रक, रुग्णवाहिका याच्याशी जोडलेला आकार एकदम प्रतिष्ठित झाला. मग १९९४ ला आउडीने पोर्शकडून आरएस२ बनवून घेतली, इथेच त्सुफनहाउझनला. ३१५ अश्वशक्तीची वॅगन. माझा साहेब त्या गाडीबद्दल बोलताना आवाज खाली आणतो.

टेल्कोकाका, इस्टेटला असा पुढचा टप्पा मिळाला नाही. पहिल्या पिढीवरच थांबली. आकाराला इज्जत मिळायला वेळ लागतो, तो दिला गेला नाही.

टेल्को_निवृत्त

बरोबर बोललात. आणि इथे सेडानची वेगळी डिकी म्हणजे मोठ्या माणसाची गाडी, हे ॲम्बॅसडरपासून डोक्यात बसलेलं. मंत्री, कलेक्टर, डॉक्टर. मागे डिकी बाहेर आलेली हवीच.

मधुमालती

मी गाड्यांतलं काही जाणत नाही, धागा मुलाने दाखवला. आमच्याकडे इस्टेट होती, यजमानांची. मला ती आवडायची याचं कारण कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मागचं दार उघडलं की वर छप्पर तयार होतं. नरसोबाच्या वाडीला पाऊस लागला तर त्या दाराखाली उभं राहून आम्ही डबा खाल्लाय. फरशी बसायच्या उंचीची, पाय खाली सोडून बसायचं. स्टोव्ह पेटवून चहा केलाय. नातीचं लंगोट बदललंय, पूर्ण आडवं ठेवून. बायकांना प्रवासात बसायला, आवरायला जागा नसते, हॉटेलात आत जावं लागतं. ती गाडी रस्त्याकडेला लावली की दोन मिनिटांत आडोसा मिळायचा. गाडीने नेलं हे तर सगळ्याच गाड्या करतात. ती थांबल्यावरही उपयोगाची होती.

सई_प्र

मधुमालतीताई, धाग्यातला सर्वांत चांगला प्रतिसाद. घाटमाथा यांच्या घरी फोटो काढायला गेलेले लोक तिथे का बसतात तेही यात आलं.

सरळसोट

सहमत. यावर माझ्या ओम्नीकडे उत्तर नाही, तिचंही दार वर उघडायचं पण खाली स्टेपनी आणि पाना-जॅकच असायचे, बसायला जागा मिळेपर्यंत पाऊस थांबायचा. वॅगनवाल्यांनो, तुम्ही जिंकलात.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. मधुमालतीताई, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. वडील काही बोलले नाहीत, किल्ली घेऊन खाली गेले.

विक्रीचा विषय आता बाजूला ठेवलाय. पण नूतनीकरणाआधी दोन कामं आहेत, जाणकारांनी सांगा. एक, मागच्या दाराचे गॅस शॉकर मेलेत, दार वर राहत नाही, काठी लावतो. दुसरं, दाराच्या खालच्या कडेला आतून गंज दिसतोय.

चार_मीटर

काठी आजच फेका, डोक्यात पडेल. शॉकरच्या नळीवर न्यूटनमध्ये एक आकडा छापलेला असतो, तो लिहून घ्या. दार पूर्ण उघडून दोन्ही टोकांच्या मध्यातलं अंतर मोजा. ही दोन मापं आणि टोकाचा प्रकार जुळला की दुसऱ्या गाडीचाही चालतो. भोसरी-चिंचवडला कारखान्यांना गॅस स्प्रिंग पुरवणारे आहेत, तेही मापाप्रमाणे देतात. जोडीच बदला, एक नवा एक जुना लावला तर दार पिळतं. जुने कापू किंवा जाळू नका, आत दाबाखाली वायू असतो. आणि थंडीत सकाळी थोडे मऊ पडतात, ते सदोष म्हणून परत नेऊ नका.

देवगड_हापूस

गंजाचं मी सांगतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती बुजली की काचेच्या रबरातून उतरलेलं पाणी आत साठतं. आतला पुठ्ठा काढा, भोकं तारेने मोकळी करा, दिवसभर उन्हात दार उघडं ठेवा, मग गंज घासून रेड ऑक्साइड आणि वर आतून मेण मारा. आमच्या अल्तुराची भोकं पेंढ्याने बुजायची. तुमच्यात काय निघतं ते इथे लिहा.

टेल्को_निवृत्त

घाटमाथा, आरटीओला जाण्याआधी लाइट, हॉर्न, मागचा वायपर, धूर आणि हरित कराची पावती बघून ठेवा. नंबरप्लेटही नवी, उच्च सुरक्षेची लागेल. मी आकुर्डीत राहतो. शॉकर लावायला दोन माणसं लागतात, एकाने दार धरायचं. रविवारी सकाळी मोकळा आहे.

घाटमाथा

काका, रविवारी दहाला आणतो. वडीलही येतायत, त्यांना तुमच्याशी इस्टेटबद्दल बोलायचंय.